परत आलेला प्रबंध: बाबासाहेबांनी डी.एस्सी. नेमकी कशी पूर्ण केली?

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक पीएचडी करत असतो, तेव्हा त्याचा दिवस साधारण असा जातो. सकाळी तास, दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात तास, संध्याकाळी घरची कामं. रात्री अकराला लॅपटॉप उघडायचा आणि गेल्या चार महिन्यांपासून अडकलेलं तिसरं प्रकरण पुन्हा एकदा वाचायचं. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवायची असते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमानुसार पीएचडीला कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पाचवं वर्ष लागलं की घरातले विचारणं बंद करतात, आणि ते विचारण्यापेक्षा जास्त टोचतं.

अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव हमखास घेतलं जातं. ते अठरा तास अभ्यास करायचे, असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, ते महामानव होते, आपलं तसं कुठे? पण त्यांच्या दोन प्रबंधांचा प्रवास तारखांसकट पाहिला तर वेगळंच चित्र दिसतं. लंडनच्या डी.एस्सी.ला त्यांना प्रवेशापासून सात वर्षं लागली. कोलंबिया विद्यापीठाच्या पीएचडीला तर चौदा. मध्ये पैसे संपले, पुस्तकं समुद्रात बुडाली, नोकरी सोडावी लागली आणि पूर्ण झालेला प्रबंध परीक्षकांकडून परत आला.

ही त्या चौदा वर्षांची गोष्ट.

तीन वर्षांची मुदत

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी सकपाळ गेले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षं. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस. मुंबईत पत्नी रमाबाई आणि काही महिन्यांचा यशवंत.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जे विषय घेतले त्यांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार आणि राज्यशास्त्राचे तीन. पदवीसाठी एवढं घेण्याची गरज नव्हती. पण तीन वर्षांनंतर असं ग्रंथालय आणि असे शिक्षक पुन्हा मिळतील याची खात्री नव्हती, म्हणून जे मिळेल ते पदरात पाडून घेण्याची घाई होती. अर्थतज्ज्ञ एडविन सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक होते.

१९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा प्रसिद्ध निबंध वाचला. जूनपर्यंत भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंधही विद्यापीठाकडे गेला. पण कोलंबियाचा एक नियम होता: प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पीएचडीची पदवी मिळत नसे. छपाईला पैसे लागतात. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवणाऱ्या विद्यार्थ्याकडे ते नव्हते. काम झालं होतं, पदवी मात्र लांबणीवर पडली.

लंडनमधला पहिला प्रयत्न

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनमध्ये होते. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दोन्हीकडे प्रवेश घेतला. इथले त्यांचे मार्गदर्शक होते प्रा. एडविन कॅनन. कामाला जेमतेम सुरुवात झाली आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला.

अर्धवट सोडून जाताना त्यांनी एक काम नीट केलं. लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची रीतसर परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षं, म्हणजे १९२१ च्या ऑक्टोबरपर्यंत दार उघडं राहणार होतं. पुढच्या तीन वर्षांच्या धावपळीत ही तारीख त्यांच्या डोक्यावर टांगलेली होती.

पहिलं महायुद्ध सुरू होतं. ते स्वतः एका बोटीने निघाले, सामान दुसऱ्या बोटीने. सामानाची बोट जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली आणि त्यांची पुस्तकं तिच्याबरोबर गेली. भारतात परतले तेव्हा शिष्यवृत्ती, पुस्तकं आणि पदवी, तिन्ही नव्हतं.

बडोदा ते सिडनहॅम

बडोद्यात पुढे काय झालं हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. परदेशात शिकून आलेल्या अधिकाऱ्याला राहायला घर मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावं लागलं. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी एका बागेत बसून काढला.

मुंबईत आल्यावर शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासं झालं आणि तो बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती. तरीही कुटुंब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिलं.

याचं कारण ती १९२१ ची तारीख. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती दिली जाई आणि उरलेले पैसे लंडनसाठी बाजूला पडत. त्या ठरावीक रकमेत महिना पार पाडण्याचं काम रमाबाईंनी केलं. या प्रबंधाच्या हिशेबात त्यांचं नाव कुठल्याही रकान्यात नाही, पण त्यांच्या काटकसरीशिवाय तो हिशेब जुळत नाही. या दांपत्याच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. शिक्षण आणि संसार यांची ओढाताण काय असते, हे त्या घराइतकं कुणाला कळलं असेल?

याच काळात सार्वजनिक कामही सुरू झालं होतं. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी मताधिकाराच्या प्रश्नावर साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू झालं. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. चळवळ उभी राहत होती, लोक मागे येत होते, नोकरी चांगली होती. प्रबंध सोडून द्यायला याहून सभ्य निमित्त मिळालं नसतं.

त्यांनी मार्च १९२० मध्ये सिडनहॅमचा राजीनामा दिला. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज, एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. चार वर्षांच्या मुदतीतलं एक वर्ष शिल्लक होतं.

पाव, पापड आणि ग्रंथालय

लंडनमधल्या त्या दिवसांचं वर्णन त्यांच्या चरित्रकारांनी केलं आहे. खानावळवजा घरात सकाळी पावाचा तुकडा, थोडा मासा आणि एक कप पेय मिळे. तेवढं खाऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाकडे निघत आणि दार उघडताच आत शिरत. दुपारच्या जेवणासाठी उठायचं नाही, कारण वेळ आणि पैसा दोन्ही जातात. संध्याकाळी ग्रंथालय बंद झालं की खोलीवर परतायचं, थोडं खाऊन पुन्हा वाचायला बसायचं. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजायचे. खोलीतले सोबती अस्नोडेकर रात्री उठून पाहत, तेव्हाही दिवा चालूच असे.

अठरा तासांची आख्यायिका इथली आहे. पण संशोधन करणाऱ्याने तासांपेक्षा दिनक्रमाकडे पाहावं. रोज एकच वेळ, एकच जागा आणि एकच काम. आज मन लागतंय का, हा प्रश्न त्या दिवसात कुठे बसतच नव्हता. ब्रिटिश म्युझियमखेरीज इंडिया ऑफिसचं ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचं ग्रंथालय आणि अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांसाठी गोल्डस्मिथ्स ग्रंथालय अशी त्यांची फिरती होती. ज्या दिवशी जी साधनं लागतील, त्या दिवशी ते ग्रंथालय.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. त्यांनी एकदम डी.एस्सी.चा डोंगर उचलला नाही. आधी ब्रिटिश भारतातल्या केंद्र आणि प्रांत यांच्या आर्थिक वाटपावर छोटा प्रबंध लिहून जून १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळवली. मग रुपयाचा विषय पूर्ण ताकदीने हाती घेतला. सोबत बॅरिस्टरीचा अभ्यासही चालू होता.

रुपयाचा प्रश्न होता तरी काय?

प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. आज तो किचकट वाटतो. तेव्हाच्या हिंगोलीच्या बाजारात मात्र तो सहज समजला असता. हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचं स्वतःचं चलन होतं, त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. साधारण सहा कलदार म्हणजे सात हाली, असा भाव चाले. इंग्रजांच्या अधिकाऱ्यांखालच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी पूर्वी हिंगोलीत असल्याने कलदार गावाच्या चांगल्या ओळखीचा होता. एकाच बाजारात दोन रुपये असले की पैशाची किंमत पैशावर छापलेली नसते, ती बदलते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

देशाच्या पातळीवर हाच प्रकार मोठ्या प्रमाणात झाला होता. भारताचा रुपया चांदीचा, इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. दोन शिलिंगांच्या जवळ असलेला रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. भारत सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत मोठा खर्च भागवावा लागे, तो भारी पडू लागला. म्हणून १८९३ मध्ये सरकारने लोकांच्या चांदीची नाणी पाडून देणं बंद केलं. पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सला बांधला गेला आणि सुवर्ण विनिमय परिमाण नावाची व्यवस्था रुळली. नाणं चांदीचं, भाव सोन्याशी बांधलेला आणि किती रुपये काढायचे ते सरकारच्या हातात.

जॉन मेनार्ड केन्स या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची पाठराखण केली होती. लंडनमध्ये पापड खाऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच्या विरुद्ध बाजू मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पौंडाशी भाव स्थिर राहिला म्हणून रुपया स्थिर झाला असं नाही. गरीब माणसासाठी रुपयाची खरी किंमत म्हणजे त्याला बाजारात काय मिळतं ती. रुपये काढण्याची सरकारची मुभा अमर्याद असेल तर भाववाढ होणार आणि तिचा मार हातावर पोट असणाऱ्यांना बसणार. म्हणून चलन किती काढायचं यावर पक्की मर्यादा हवी.

विषय जिवंत होता. ते लंडनला आले त्याच १९२० मध्ये सरकारने रुपया दोन शिलिंगांवर धरून ठेवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. स्वतःला खरोखर पडलेला प्रश्न निवडला होता, म्हणून त्याच्यासोबत वर्षानुवर्षं राहणं शक्य झालं.

प्रबंध परत आला

मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचं निधन झालं. मोठा आधार गेला. काम थांबलं नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर झाला आणि बाबासाहेब पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडे वळले.

१९२३ च्या मार्चच्या सुमारास प्रा. कॅनन यांचा निरोप आला. परीक्षकांना प्रबंध आहे तसा मान्य नव्हता. ब्रिटिश सरकारच्या चलन धोरणावरची टीका त्यांना झोंबली होती, असं चरित्रकार सांगतात. प्रबंध नव्याने लिहून द्यावा असं ठरलं.

आता परिस्थिती पाहा. पैसे संपलेले. मित्राचं कर्ज डोक्यावर. घर सोडून पावणेतीन वर्षं झालेली. वय बत्तीसच्या घरात. लंडनमध्ये राहून दुरुस्ती करणं परवडणारं नव्हतं. एप्रिल १९२३ मध्ये ते डी.एस्सी.विना मुंबईत उतरले.

इथे बरेच प्रबंध संपतात. माणूस घरी येतो, पोटापाण्याला लागतो आणि कागदांचा गठ्ठा माळ्यावर जातो. बाबासाहेबांसमोरही त्याच वेळी वकिली सुरू करण्याचा प्रश्न होता. सनद काढायलाही पैसे नव्हते, तिथे पुन्हा भथेनाच उपयोगी पडले. पण गठ्ठा माळ्यावर गेला नाही. त्यांनी काय बदलायचं आणि काय नाही हे वेगळं केलं. निष्कर्ष तसेच ठेवले, मांडणी बदलली. चार महिन्यांत पुनर्लेखन करून ऑगस्ट १९२३ मध्ये प्रबंध मुंबईहून लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मंजूर झाली.

महिनाभरात लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकाने तो ग्रंथरूपाने काढला. कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. काही मुद्द्यांवर आपण सहमत नाही हे त्यांनी त्यात मोकळेपणाने नोंदवलं आणि विचारांच्या ताजेपणाचं कौतुकही केलं. मार्गदर्शकाशी मतभेद असूनही उत्तम प्रबंध होऊ शकतो, याचा हा छापील पुरावा. ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

आणि पहिली पीएचडी?

कोलंबियाचं काम अजून शिल्लक होतं. वकिली चालू, जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झालेली, अशा धावपळीत १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ छापून आला. केंद्र आणि प्रांत यांच्यात १८३३ ते १९२१ पर्यंत पैशाचं वाटप कसं बदलत गेलं, याचा तो अभ्यास. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. अर्पणपत्रिका सयाजीराव गायकवाडांच्या नावे होती. छापील प्रती न्यूयॉर्कला गेल्या आणि ८ जून १९२७ रोजी पीएचडी रीतसर मिळाली.

त्या तारखेच्या अडीच महिने आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. चौदा वर्षांपूर्वी सुरू केलेला अभ्यास त्यांनी देश हादरवणाऱ्या आंदोलनाच्या वर्षात पूर्ण केला.

रुपयावरचं काम कपाटात पडून राहिलं नाही. डिसेंबर १९२५ मध्ये भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. याच आयोगाने भारतासाठी मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली.

मराठवाड्यापर्यंत आलेली वाट

१९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाच्या सोयी फारच थोड्या होत्या. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि बाजारात हाली सिक्का अजून दिसत होता. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी, वसमतच्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी आता बोटीने जावं लागत नाही, नांदेडची बस पुरते.

अडचणी मात्र ओळखीच्याच आहेत: पैसा, नोकरी, घर, मुदत आणि परत आलेलं प्रकरण. बाबासाहेबांनी या पाचही गोष्टी भोगल्या. थांबावं लागलं तेव्हा परत येण्याची लेखी परवानगी घेतली. पगार मिळाला तेव्हा बचत केली. मोठ्या प्रबंधाआधी छोटा पूर्ण केला. कर्ज घ्यायला आणि मित्राची मदत मागायला संकोच केला नाही. परीक्षकांनी नकार दिला तेव्हा मुद्दा न सोडता पानं पुन्हा लिहिली, आणि त्यासाठी स्वतःला फक्त चार महिने दिले.

मार्च १९२३ मध्ये ते अपयशी संशोधक होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते डॉक्टर आंबेडकर झाले.